कौलारू घरातल्या उंदरांचं काय करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गुहागरजवळ आमचं जुनं कौलारू घर आहे. आई-बाबा दोघंच राहतात, मी महिन्यातून एखादी खेप मारतो. यंदा भात झोडून घरात आल्यापासून माळ्यावर उंदरांनी धुडगूस घातलाय. बाबा म्हणतात, वर लग्नघर आहे! फणसाच्या साठांचा प्लॅस्टिकचा डबासुद्धा कुरतडला.

पिंजऱ्यात सुक्या बांगड्याचा तुकडा लावला. पहिल्या दोन रात्रींत दोन सापडले, मग बाकीचे शहाणे झाले. चिकट पुठ्ठ्यावर उंदराऐवजी पाल अडकली. खोबरेल तेल लावून तिला सोडवता सोडवता अर्धा तास गेला. ते पुन्हा नको. मांजर आहे, पण ती मासळीवाल्या मावशींच्या टोपलीवर पोसलेली.

दुकानदार ब्रोमॅडिओलोनच्या (उंदीर मारायच्या विषाच्या) वड्या घ्या म्हणतो. पण त्याने उंदीर लगेच मरत नाही, काही दिवसांनी कुठल्या तरी सांदीत मरतो. माळ्यावर वास सुटला तर काढणार कोण? आणि तो मांजरीने खाल्ला तर? तसंच सोडून द्यावं तर उंदरांमागे साप येतात, शिवाय पावसाळ्यात लेप्टोची (उंदरांमुळे पसरणाऱ्या तापाची) धास्ती.

म्हणून वाटाच बंद कराव्यात म्हणतो. भिंत आणि कौलांमधली फट कुणी बुजवली आहे का? वारा खेळता राहायला हवा, म्हणून पाव इंची जाळी मनात आहे. पण खाऱ्या हवेत साधी जाळी किती टिकणार? स्टेनलेसची परवडते का? आणि भातासाठी कणगीऐवजी पत्र्याची कोठी घेतली तर भाताला दमट वास येतो का? अनुभव असेल त्यांनी सांगा.