ग्राफिक्स कार्ड: ३०६० १२ जीबी की ४०६० ८ जीबी?

खेळगडी: मंडळी, १०८०पी मॉनिटर आहे, मदरबोर्ड बी४५०. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६० घेऊ की ४०६०? ४०६० ची ८ जीबी मेमरी पुरेल का, मन धजत नाहीये

रात्रपाळी: ४०६० घे बिनधास्त. ११५ वॅटचं कार्ड आहे, ३०६० १७० वॅटचं, शिवाय डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन (कार्ड स्वतः मधल्या जादा फ्रेम तयार करतं ते) ३०६० वर नाहीच

जुनाबोर्ड: थांब रे, बी४५० म्हणजे पीसीआयई ३ (कार्डाच्या स्लॉटची जुनी, कमी वेगाची पिढी) आणि ४०६० त्यातल्या आठच लेन, म्हणजे डेटाचे मार्ग, वापरतं, त्यामुळे गेममधल्या टेक्स्चरचा (पृष्ठभागांच्या चित्रांचा) दर्जा अल्ट्रावर ठेवून ८ जीबी भरली की जास्त अडखळतं. माझ्याकडे नुसतं मागे वळून बघितलं तरी चित्र क्षणभर गोठायचं, टेक्स्चर एक पायरी खाली आणल्यावर थांबलं

खेळगडी: मग ३०६०?

जुनाबोर्ड: नाही, नुसतं गेमिंग असेल तर ४०६०च, वेग जास्त आहे. ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) करणार असशील तर १२ जीबीचा विचार कर