मदत हवी आहे : यजमान असमाराला आहेत, बँकेचा ओटीपी त्यांच्यापर्यंत कसा पोहोचवावा?

मोगरा
नमस्कार. माझे यजमान असमाराला आहेत आणि त्यांच्या नावावरची मुदतठेव मला येत्या दहा दिवसांत मोडायची आहे, कारण मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशाचे शुल्क भरण्याची अखेरची तारीख जवळ आली आहे. बँकेच्या संकेतस्थळावर सर्व पायऱ्या पूर्ण होतात, पण शेवटी त्यांच्या मोबाइलवर ओटीपी जातो आणि तो त्यांना मिळतच नाही. शाखेत मी तीन वेळा जाऊन आले. 'त्यांना फोन करून विचारून घ्या' यापलीकडे तिथे कोणी काही सांगत नाही. व्हॉट्सॲप लागत नाही आणि ईमेलला उत्तर यायला आठ-आठ दिवस लागतात. काही उपाय माहीत असेल तर कृपया आजच सांगा.

सह्यकडा
असमारा कोणत्या देशात आहे ते लिहिले असते तर बरे झाले असते. त्यांनी रोमिंग सुरू करून घेतले होते का? आणि व्हॉट्सॲप लागत नाही याचा अर्थ तिथल्या सरकारने ते अडवले आहे असा असेल, तर त्यांना फोनमध्ये एखादा चांगला व्हीपीएन घालायला सांगा. मी दुबईत चार वर्षे व्हीपीएनवरूनच घरी बोलत होतो, दोन मिनिटांचे काम आहे.

मोगरा
असमारा ही पूर्व आफ्रिकेतल्या इरिट्रियाची राजधानी आहे. हे सर्वांना माहीत असेल असे मी गृहीत धरले, क्षमस्व. रोमिंग निघण्यापूर्वीच सुरू करून घेतले होते, परंतु तिथे उतरल्यापासून त्यांच्या भारतीय सिमला नेटवर्कच सापडत नाही. व्हीपीएन मी त्यांना कसा सांगू? त्यांच्या फोनवर इंटरनेटच नाही.

तारायंत्र
मी दूरसंचार खात्यात एकतीस वर्षे नोकरी केली आहे, म्हणून आधी तांत्रिक बाजू स्पष्ट करतो. इरिट्रियात एरिटेल ही एकच सरकारी दूरसंचार कंपनी आहे आणि मोबाइलवरचे इंटरनेट ती देत नाही. तिथे फोन असणे आणि इंटरनेट असणे या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भारतात राहून आपल्याला याची कल्पनाच येत नाही. रोमिंगचेही तसेच आहे : आपल्या कंपनीचा तिथल्या कंपनीशी करार नसेल, तर आपण इथे कितीही पैसे भरले तरी ओटीपीचा संदेश त्या सिमपर्यंत जाणार नाही. त्यामुळे सह्यकडा यांचा उपाय इथे लागूच होत नाही. अडवलेल्या संकेतस्थळापर्यंत व्हीपीएन पोहोचवतो, पण त्याच्याआधी जोडणी असावी लागते. आता हे सांगा : त्यांच्याकडे स्थानिक सिम आहे का? ते नक्की असमारा शहरातच राहतात का? ईमेल कुठून करतात?

मोगरा
ते केरेनजवळच्या कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवायला गेले आहेत, साडेतीन महिने झाले. असमाराला महिन्यातून एकदा-दोनदा येतात आणि तिथल्या कॅफेतून ईमेल करतात. स्थानिक सिमसाठी अर्ज केला आहे, ते अजून मिळालेले नाही. सिमला इतके दिवस का लागावेत हे मला समजत नाही.

माजी_अध्यापक
ताई, ते केरेनला राहतात ही माहिती सर्वांत महत्त्वाची होती. केरेन असमारापासून सुमारे नव्वद किलोमीटरवर, डोंगर उतरून जावे लागते. मी स्वतः २०१० ते २०१३ या काळात असमाराजवळच्या एका महाविद्यालयात शिकवत होतो. असमारा विद्यापीठातले प्रवेश बंद करून सरकारने माई नेफही, हालहाले, हामेलमालो अशा ठिकाणी वेगवेगळी महाविद्यालये काढली, आणि तिथे शिकवायला भारतातून शेकडो अध्यापक गेले. आमच्या वेळी त्यांत मराठी बोलणारी आम्ही सहा-सात घरे होतो.

सिमला वेळ का लागतो ते सांगतो. तिथे सिम दुकानात जाऊन विकत घेता येत नाही. स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते. तिथले रहिवासीसुद्धा त्यासाठी रांगेत असतात. इंटरनेटसाठी शहरातल्या कॅफेत जावे लागते. माझ्या काळात एक साधा ईमेल उघडायला दहा-पंधरा मिनिटे लागत आणि मध्येच वीज गेली की सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागे. शिवाय परदेशी माणसाला असमाराबाहेर प्रवास करायचा तर परवाना काढावा लागतो, त्यामुळे 'उद्या शहरात जाऊन बँकेचे काम करून या' असे त्यांना सांगणे व्यवहार्य नाही.

तुम्ही त्यांना पाठवता तो ईमेल केवळ मजकुराचा असू द्या. फोटो, जोडपत्रे, स्कॅन केलेली पाने जोडू नका. ती उघडत नाहीत आणि त्यांचे कॅफेतले पैसे व वेळ त्यातच संपतात. महाविद्यालयाच्या कार्यालयात दूरध्वनी असतो. त्याचा क्रमांक मागवून घ्या आणि दोघांनी आठवड्याची एक वेळ ठरवा. तिथले घड्याळ आपल्या अडीच तास मागे असते, हे लक्षात ठेवा.

सह्यकडा
माजी_अध्यापक यांचा अनुभव दहा वर्षांहून जुना आहे. २०१९ च्या मे महिन्यात तिथे फेसबुक, व्हॉट्सॲप बंद केले गेले तेव्हा असमाराच्या कॅफेंत लोक व्हीपीएन लावूनच काम करत असल्याच्या बातम्या मी स्वतः वाचल्या आहेत. म्हणजे व्हीपीएनचा उपाय चुकीचा नाही. ते असमाराला येतील तेव्हा कॅफेच्या वाय-फायवर व्हॉट्सॲप सुरू होईल आणि निदान बोलणे तरी होईल.

माजी_अध्यापक
बोलणे होईल, हे मान्य आहे. मात्र त्यांचा प्रश्न बोलण्याचा नसून ओटीपीचा आहे, आणि तो मोबाइल नेटवर्कवरून येतो.

जुना_खलाशी
मी रत्नागिरीचा. व्यापारी जहाजांवर होतो आणि इरिट्रियातल्या मसावाच्या बंदरात दोनदा लागलो आहे. एक गोष्ट मला तेव्हापासून टोचत आली आहे, ती इथे लिहितो. मुंबईहून युरोपला जाणाऱ्या समुद्राखालच्या इंटरनेटच्या केबली तांबड्या समुद्रातूनच जातात. म्हणजे आपण इथे बसून जे काही युरोपला पाठवतो त्यातले पुष्कळसे इरिट्रियाच्या किनाऱ्यासमोरून जाते. इरिट्रियाला हजार किलोमीटरहून लांब किनारा आहे, आणि त्यांतली एकही केबल तिथे जमिनीवर घेतलेली नाही. बंदरातल्या एका तरुण कारकुनाने मला त्याच्या भावाला स्वीडनला पाठवण्यासाठी एक पत्र दिले होते, पुढच्या बंदरात टपालात टाकायला. मी ते टाकले. ताईंना हवे असेल तर मसावाला लागणाऱ्या जहाजांच्या एजंटामार्फत निरोप पाठवता येईल का, ते मी विचारून बघतो.

हिशेबनीस
जहाजामार्फत ओटीपी पाठवता येत नाही, कारण तो काही मिनिटांतच बाद होतो. मी सनदी लेखापाल आहे, आणि मला या धाग्यात दुसरीच काळजी वाटते. मोगराताई, तुम्ही यजमानांच्या पासवर्डने त्यांच्या खात्यात जात आहात, असे तुमच्या लिहिण्यावरून दिसते. हे बँकेच्या नियमांत बसत नाही आणि पुढे काही वाद झाला तर बँक हात झटकेल. दुसरे, ते नोकरीसाठी परदेशी गेले आहेत, त्यामुळे परकीय चलनाच्या कायद्यानुसार त्यांची खाती अनिवासी साधारण, म्हणजे एनआरओ, करून घ्यायला हवी होती. ती केली आहेत का? ठेव एकट्याच्या नावावर आहे की संयुक्त?

मोगरा
ठेव एकट्याच्या नावावर आहे, मी नामनिर्देशित आहे. खाती बदलायची असतात हे आम्हाला कोणी सांगितलेच नाही.

हिशेबनीस
नामनिर्देशनाचा खातेदाराच्या हयातीत काहीही उपयोग नसतो. 'मी नॉमिनी आहे' असे म्हणत शाखेत गेलात तर पुन्हा तेच उत्तर मिळेल.

सह्यकडा
मग सिम हरवल्याची तक्रार करून त्याच क्रमांकाचे दुसरे सिम नाशिकमध्ये किंवा जिथे असाल तिथे काढून घ्या. ओटीपी घरीच येईल.

हिशेबनीस
असे कृपया करू नका. सिम हरवलेले नाही, त्यामुळे ती तक्रार खोटी ठरेल. नवे सिम क्रमांकाच्या मालकाची ओळख पटवूनच मिळते आणि दुसऱ्याने ते काढणे ही फसवणूकच आहे, पत्नी असली तरी. सिम बदलल्याचे लक्षात आले तर बँक व्यवहार रोखून ठेवू शकते, आणि मग दहा दिवसांचे दोन महिने होतील.

तारायंत्र
हिशेबनीस यांच्याशी मी सहमत आहे. या निमित्ताने एक गैरसमज दूर करायचा आहे. वर 'सरकारने अडवले आहे' असे शब्द आले. बंदिस्त देश म्हटले की लोकांना उत्तर कोरिया आठवतो. तिथली रचना वेगळी आहे : सामान्य माणसाला क्वांगम्यॉंग नावाचे देशांतर्गत जाळे मिळते, त्यावर सरकारने निवडलेलीच पाने असतात, आणि बाहेरच्या खऱ्या इंटरनेटसाठी देशाच्या नावे नोंदवलेला आयपी पत्त्यांचा, म्हणजे इंटरनेटवर यंत्रांना ओळखण्याच्या क्रमांकांचा, मुख्य संच अवघा १०२४ पत्त्यांचा आहे. एवढे पत्ते आपल्याकडच्या एखाद्या महाविद्यालयालाही अपुरे पडतात. तुर्कमेनिस्तानात जोडणी आहे, पण संकेतस्थळे आणि व्हीपीएन सरसकट अडवले जातात. इरिट्रियात दोन्ही नाही. स्वतंत्र जाळे नाही आणि फार मोठी गाळणीही नाही. जोडणीच इतकी थोडी, महाग आणि संथ ठेवली आहे की गाळण्यासारखे फारसे उरत नाही. माझ्या मते याचे मूळ गरिबीत आहे. इथिओपियाशी १९९८ ते २००० असे युद्ध झाले, त्यानंतर निर्बंध आले, केबलला पैसा कुठून आणणार?

माजी_अध्यापक
तारायंत्र साहेब, तांत्रिक वर्णन अचूक आहे, मात्र कारणाबद्दल मी असहमत आहे. इथिओपिया, सुदान, जिबूती हे शेजारी श्रीमंत नाहीत, तरीही तिथे मोबाइलवर इंटरनेट आले. इरिट्रियाच्या सरकारने २००१ च्या सप्टेंबरमध्ये सर्व खाजगी वृत्तपत्रे बंद केली आणि संपादकांना पकडले. 'सेतित' या पत्राशी संबंधित दावित इसाक यांना तेव्हा अटक झाली आणि त्यांच्यावर कधीही खटला चालला नाही. १९९३ च्या स्वातंत्र्यापासून एकच राष्ट्राध्यक्ष आहेत आणि राष्ट्रीय निवडणूक झालेली नाही. पत्रकारांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या न्यूयॉर्कच्या समितीने २०१९ मध्ये सर्वाधिक सेन्सॉर असलेल्या देशांच्या यादीत इरिट्रियाला उत्तर कोरियाच्याही वर, पहिल्या क्रमांकावर ठेवले. ज्या सरकारला एक छापील वर्तमानपत्र चालत नाही, त्याच्याकडून प्रत्येकाच्या खिशात इंटरनेट देण्याची अपेक्षा कशी करावी?

माझ्या वर्गातली मुले फार हुशार होती. कॅफेत ती शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे हे पाहूनच पान उघडत. राजकारणावर ती माझ्याशी कधी बोलली नाहीत आणि मीही विचारले नाही, कारण मी दोन वर्षांनी परत जाणार होतो आणि ती तिथेच राहणार होती. म्हणूनच, ताई, यजमानांना लिहिताना तिथल्या सरकारबद्दल, सिम न मिळण्याबद्दल त्राग्याची वाक्ये ईमेलमध्ये घालू नका. कामाचे तेवढेच लिहा. त्यांच्या तिथल्या सहकाऱ्यांची नावेही नकोत.

तारायंत्र
शेजारी देशांचे उदाहरण योग्य आहे. एकाच कंपनीला मक्तेदारी देणे हा शेवटी निर्णय असतो, पैशांचा अभाव नव्हे, हे मला मान्य करावे लागेल.

मोगरा
तुम्ही सर्व जण मनापासून लिहीत आहात, परंतु माझे आठ दिवस उरले आहेत. मला नेमके काय करायचे ते कोणी सांगेल का? आणि वरचे वाचून आता त्यांचीच भीती वाटू लागली आहे.

माजी_अध्यापक
घाबरू नका. भारतीय अध्यापकांना लोक फार मानाने वागवतात. केरेनच्या बाजारात माझ्याकडून चहाचे पैसे कोणी घेत नसे. आपण सावध असावे, एवढेच मला म्हणायचे होते.

हिशेबनीस
आता कामाचे लिहितो. हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि तुम्ही ते एकत्र धरले आहेत, म्हणून अडकला आहात.

शुल्काचा प्रश्न आठ दिवसांचा आहे आणि तो या ठेवीतून सुटणार नाही, हे आजच स्वीकारा. स्वतःच्या नावावरचे सोने किंवा ठेव असेल तर त्यावर कर्ज एक-दोन दिवसांत मिळते. महाविद्यालयाला विनंतीअर्ज देऊन हप्ते मिळतात का, तेही विचारा.

ओटीपीचा प्रश्न मात्र यजमान तिथे असेपर्यंत राहणार आहे, आणि त्याला खरा उपाय मुखत्यारपत्र हाच आहे. असमाराला भारताचा दूतावास आहे. यजमानांनी पुढच्या खेपेस तिथे जाऊन, अधिकाऱ्यासमोर सही करून, तुमच्या नावाने मर्यादित मुखत्यारपत्र साक्षांकित करून घ्यावे. मूळ कागद इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क भरा. ही मुदत चुकवू नका. त्याच वेळी खाती एनआरओ करण्याचा अर्ज आणि ओटीपी ईमेलवर मिळण्याची विनंती, दोन्हींवर त्यांची सही घेऊन ठेवा. अनिवासी खातेदारांना ईमेलवर ओटीपी देण्याची सोय अनेक बँकांत असते. तुमच्या बँकेत ती आहे का, हे शाखेत लेखी विचारा. तोंडी विचारले म्हणूनच तीन खेपा वाया गेल्या.

माजी_अध्यापक
मूळ कागद टपालाने पाठवू नये. सुट्टीवर येणारा एखादा भारतीय सहकारी नेहमी असतो, त्याच्याबरोबर द्यावा. आम्ही सर्व कागद असेच आणत-नेत असू.

मोगरा
आज शाखेत लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. ईमेलवर ओटीपीची सोय आहे, पण फक्त अनिवासी खात्यांना, असे आज प्रथमच कळले. शुल्कासाठी माझ्या बांगड्यांवर कर्ज घेतले आणि रक्कम भरली. महाविद्यालयाच्या कार्यालयाचा क्रमांक त्यांच्या जुन्या पत्रात सापडला आणि काल तेविसाव्या प्रयत्नाला फोन लागला. चार मिनिटे बोलणे झाले. साडेतीन महिन्यांनी आवाज ऐकला. ते शुक्रवारी असमाराला जाणार आहेत आणि त्यांचे एक केरळचे सहकारी महिनाअखेरीस परत येत आहेत.

एकच विचारायचे राहिले. मुखत्यारपत्राचा मसुदा मराठीत चालेल की इंग्रजीतच हवा? शुक्रवारपूर्वी मला तो ईमेलमध्ये टाइप करून पाठवायचा आहे.

हिशेबनीस
इंग्रजीतच पाठवा, कारण दूतावासातील अधिकारी आणि बँकेचे मुख्य कार्यालय या दोघांनाही तो वाचायचा आहे. बँकेचा स्वतःचा नमुना असेल तर तोच घ्या आणि प्रत्येक ठेवीचा पावती क्रमांक मसुद्यात लिहा. 'सर्व ठेवी' एवढेच लिहिले तर परत पाठवतात. पारपत्राची प्रत आणि तुमचे दोन फोटो त्यांच्याकडे आहेत का?

मोगरा
पारपत्र आहे. माझा फोटो त्यांच्या पाकिटात एकच आहे, तोही जुना. तो चालेल का, ते दूतावासात विचारायला सांगते.