सीसीएनएची तयारी : हातात ६ हजार, काय घेऊ?

डोंबिवली_डाऊन : नमस्कार मंडळी. बीएस्सी आयटी झालंय, अंधेरीत डेस्कटॉप सपोर्टला आहे, रात्रपाळी. सीसीएनए (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा, क्रमांक २००-३०१) द्यायचीय. परीक्षेचे ३०० डॉलर वेगळे साठवतोय, ते धरू नका. अभ्यासाला ६ हजार. क्लास, पुस्तक की यूट्यूब? सबनेटिंग (नेटवर्कचे पत्ते छोट्या गटांत वाटणं) डोक्यात शिरत नाही.

जुना_केबलवाला : क्लास लाव. मी ४५ हजार भरले होते. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणून कॉल सेंटरला पाठवलं मेल्यांनी, पण शिस्त लागते.

पापड_पिंग : काका, तो ६ म्हणतोय. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीत खातं उघड, पॅकेट ट्रेसर (कॉम्प्युटरवर खोटं नेटवर्क उभारायचं सॉफ्टवेअर) फुकट मिळतो. त्यावर स्विच-राउटर कितीही जोड.

रॅकवाला_ठाणे : फुकटात कोणी शिकत नाही. खरं हार्डवेअर हवं. माझ्याकडे ३ राउटर, ४ स्विच, रॅकसकट. पंखे सुरू झाले की बायको म्हणते, घरात गिरणी टाकलीत का.

जुना_केबलवाला : आधी क्रिंपिंग शीक, म्हणजे वायरीच्या टोकाला कनेक्टर बसवणं. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा...

रॅकवाला_ठाणे : तो वायरींच्या रंगांचा ५६८बी क्रम झाला. ५६८ए पण असतो.

जुना_केबलवाला : वीस वर्षं 'बी'च मारतोय, एकही वायर परत आली नाही.

सबनेट_मावशी : अरे, मुलाने काय विचारलंय! बाळा, लोकलमध्ये वहीवर कर. १९२.१६८.१०.७० /२६ घे. ३२ पैकी २६ बिट नेटवर्कला गेले, ६ उरले, म्हणजे ६४ चे गठ्ठे : ०, ६४, १२८, १९२. ७० पडतो ६४ च्या गठ्ठ्यात. ६४ नेटवर्कचा पत्ता, १२७ ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम पाठवायचा), मधले ६२ पत्ते वापरायचे. रोज दहा गणितं, कॅल्क्युलेटर नको. मी ठाकुर्ली ते सीएसएमटी हेच केलं. सीट मिळत नसे, वही दप्तरावर धरायची.

पापड_पिंग : हेच म्हणत होतो. पॅकेट ट्रेसर फुकट आहे.

नेटवर्कप्लस_पास : सीसीएनए कशाला? आधी नेटवर्क प्लस सर्टिफिकेट कर, कुठल्या एका कंपनीला बांधलेलं नाही. मी केलं.

रॅकवाला_ठाणे : इथल्या जाहिरातींत सीसीएनएच मागतात. मला तरी तेच दिसतं.

डोंबिवली_डाऊन : सगळ्यांचे आभार. मावशी, गठ्ठे समजले! पण पॅकेट ट्रेसरमध्ये मन रमेना. काल ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून दोन जुने सिस्को २९६० स्विच घेतले, घासाघीस करून ५२०० ला दोन्ही. कन्सोल केबल (स्विचला कॉम्प्युटर जोडायची) विसरलो, परत जावं लागणार. एक शंका : दोघांमध्ये दोन वायरी टाकल्या, तर एका पोर्टचा दिवा अर्धा तास नारिंगीच. दुकानदाराने गंडवलं का?

पापड_पिंग : ६ हजारात ५२०० चे डबे! धन्य आहेस.

सबनेट_मावशी : गंडवलं नाही रे. तो पोर्ट स्पॅनिंग ट्रीने (स्विचमधल्या लूप टाळणाऱ्या सोयीने) अडवून धरलाय, नाहीतर लूप होईल, डेटा गोल गोल फिरत राहील. आमच्या ऑफिसात एकाने साध्या स्विचमध्ये एकाच वायरीची दोन्ही टोकं खोचली होती, अख्खा मजला दुपारपर्यंत बंद. आता हिरव्या दिव्याची वायर उपट आणि नारिंगीकडे बघत बस. किती सेकंदांनी हिरवा होतो ते इथे लिही.