मदत हवी आहे: ल्यूबेकचा ओव्हरबेक आणि ‘धर्मांतर’ हा शब्द

नमस्कार. उत्तर जर्मनीतील ल्यूबेक या जुन्या कॅथेड्रल-नगरीत जन्मलेल्या फ्रीडरिश ओव्हरबेक (१७८९–१८६९) या चित्रकारावर मी मराठीत लेख लिहीत आहे. घराणे प्रोटेस्टंट, वडील कवी आणि पुढे शहराचे महापौर. व्हिएन्नाच्या अकादमीतील शिक्षण न पटल्याने त्याने १८०९ मध्ये मित्रांसह ‘ल्युकासबुंड’ हे चित्रकारांचे मंडळ स्थापले, १८१० मध्ये रोम गाठले, तेथील सान्त इसिदोरोच्या रिकाम्या मठात बिऱ्हाड केले आणि १८१३ मध्ये तो कॅथलिक झाला.

माझी अडचण अशी की ‘धर्मांतर’ हा शब्द मला येथे खुपतो, कारण तो आधीही ख्रिस्तीच होता. ‘पंथांतर’ म्हणावे तर त्यामागची श्रद्धेची तळमळ हरवते. वसईकडील कॅथलिक बांधवांच्या घरात आणि चर्चमध्ये यासाठी कोणता शब्द रूढ आहे?

दुसरी विनंती छायाचित्रांची. ल्यूबेकच्या मारीएनकिर्शे या चर्चमधील त्याचे ‘येशूचा जेरुसलेमप्रवेश’ हे चित्र १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात जळाले, तेही झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ज्या प्रसंगाचे ते चित्र होते त्याच सणाच्या दिवशी, आणि हे वाचल्यापासून माझे मन तेथेच अडकले आहे. त्या रात्री मनोऱ्यातून कोसळून फुटलेल्या घंटा आजही फरशीत रुतलेल्या स्थितीत जपल्या आहेत. जर्मनीतील कोणी मराठी वाचक तेथे जाणार असल्यास त्या घंटांची आणि तेथीलच त्याच्या ‘ख्रिस्तविलाप’ या चित्राची छायाचित्रे, लेखात वापरण्याच्या परवानगीसह, मिळू शकतील का?