दिवंगत कुत्र्याचे व्यक्तिचित्र : साम्य साधते, पण घरच्यांना ‘तो’ का दिसत नाही?

प्रश्न

मी सॉफ्ट पेस्टलमध्ये, म्हणजे मऊ रंगीत खडूंनी, पाळीव प्राण्यांची व्यक्तिचित्रे करते. सध्या एका कुटुंबासाठी त्यांच्या काळ्या लॅब्रडॉरचे चित्र हाती घेतले आहे. तो आता हयात नसल्यामुळे सगळी भिस्त मोबाइलवरील छायाचित्रांवर आहे. त्यांतील बरीचशी अगदी जवळून काढलेली असून काहींत फ्लॅशमुळे डोळे हिरवट चमकतात. कच्चे रेखाटन पाहून घरचे म्हणाले की, लॅब्रडॉर हुबेहूब उतरला आहे, पण हा आमचा वाटत नाही. नेमका तोच ओळखू यावा, यासाठी काय पाहावे? आणि त्याचे त्या माणसांशी असलेले नाते माणूस न दाखवता चित्रात आणता येते का?

प्रतिसाद १

आधी छायाचित्रांची छाननी करावी, कारण तुमच्या अडचणीचे मूळ बहुधा तेथेच आहे. मोबाइल जवळ धरून काढलेल्या छायाचित्रात नाक फुगते आणि कान मागे आक्रसतात; त्यावरून घेतलेली मापे कितीही काटेकोर असली, तरी चेहरा परका होतो. म्हणून दोन डोळ्यांमधील अंतर, मुस्कटाची लांबी आणि कानांचा उगम ही मापे लांबून काढलेल्या छायाचित्रावरूनच घ्यावीत. कुत्र्याच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परावर्तित करणारा एक थर असतो, त्यामुळे फ्लॅशमध्ये डोळे चमकतात. ती चमक चित्रात घेऊ नये आणि बुबुळाचा रंग दिवसाउजेडी काढलेल्या छायाचित्रातून घ्यावा.

काळ्या अंगासाठी काळा खडू अगदी शेवटी आणि मोजक्या जागी वापरावा. आकाशाचा प्रकाश पडतो तेथे काळी लव निळसर दिसते, उन्हात तिच्यात तपकिरी छटा उमटते, आणि चेहऱ्याची घडण कळते ती या छटांमधूनच.

प्रतिसाद २

मापे सुधारतीलच, पण मी प्रथम कुटुंबाशी सविस्तर बोलेन. ‘तो कसा होता?’ असे विचारले की ‘फार प्रेमळ होता’ एवढेच उत्तर मिळते आणि ते चित्रकाराच्या कामाचे नसते. त्याऐवजी हाक मारल्यावर तो मान कोणत्या बाजूला कलती करी, कोणता कान आधी उभारी, बसताना भार कोणत्या पायावर टाकी, हे विचारावे. घरातील प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारावे, कारण लहान मुलाने त्याला समोरून पाहिलेले असते आणि मोठ्यांनी वरून.

नात्याविषयी म्हणाल, तर माणूस न दाखवता ते निश्चित दाखवता येते. इंग्रज चित्रकार एडविन लँडसीयर यांच्या 1837 च्या चित्रात मेंढपाळाच्या शवपेटीवर हनुवटी टेकून बसलेला कुत्रा आहे. मेंढपाळ कोठेच दिसत नाही, तरीही सारे चित्र त्याच्याविषयी बोलते.

प्रतिसाद ३

लँडसीयरच्या उदाहरणाबद्दल माझा आदरपूर्वक मतभेद आहे. प्राण्याच्या चेहऱ्यावर माणसाचे दुःख चढवण्याचा मोह अशा चित्रांतून बळावतो आणि मग प्राणी मागे पडतो. इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्स यांनी घोड्यांचे शवविच्छेदन करून 1766 मध्ये त्यांच्या शरीररचनेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. 1762 च्या सुमारास त्यांनी रंगवलेला ‘व्हिसलजॅकेट’ हा घोडा जवळजवळ तीन मीटर उंचीच्या कॅनव्हासवर एकटाच उभा आहे. ना स्वार, ना खोगीर, ना मागे निसर्गदृश्य. त्याला इतक्या बारकाईने पाहिले गेले, यातच मला आदर आणि जिव्हाळा दोन्ही जाणवतात.

नाते दाखवायचेच असेल, तर नजरेवर लक्ष द्यावे. कुत्रा आणि त्याचा पालक एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहतात, तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी निगडित संप्रेरक वाढते, असे जपानी संशोधकांना 2015 च्या अभ्यासात आढळले. भुवईची आतली कड वर उचलणारा स्नायू कुत्र्यांमध्ये चांगला विकसित असतो, लांडग्यांमध्ये मात्र तो क्षीण असतो, हे 2019 मध्ये दाखवले गेले. काळ्या कुत्र्यात ही भुवई रंगाने दिसत नाही, फक्त वरून पडलेल्या प्रकाशाने उठते. छायाचित्रात ती हमखास बुडते आणि ओळखही तिच्याबरोबरच जाते, असा माझा कयास आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांची आभारी आहे. कुटुंबाशी पुन्हा बोलले. कोणी बाहेर जायला निघाले, की तो डोके खालीच ठेवून फक्त डोळे वर करून पाहत असे, हे घरातील प्रत्येकाने आपापल्या शब्दांत सांगितले. माझ्या रेखाटनात मान ताठ आणि नजर समोर आहे. तेव्हा ते बाजूला ठेवून डोके पंजांवर टेकलेल्या अवस्थेत नव्याने सुरुवात करते आहे. मात्र अशा वेळी डोळ्यांत खालच्या बाजूला जो पांढरा भाग दिसतो, तो किती उजळ ठेवावा?

प्रतिसाद १

शुद्ध पांढरा वापरू नये. पापणीच्या सावलीमुळे तो भाग राखाडीच असतो. करड्या निळ्यावर किंचित गुलाबी छटा द्यावी आणि सर्वांत उजळ ठिपका बाहुलीवरील प्रकाशबिंदूसाठी राखून ठेवावा.