जुन्या सागवानी शोकेसमध्ये बॉल पायथॉनचं घर: सोलापूरच्या उन्हाळ्यात टिकेल असं कसं करायचं?

जुळेसोलापूरकर विचारतात:

घरात सागवानी टीव्ही शोकेस पडून आहे. बाहेरून 48 इंच रुंद, 30 इंच उंच, डेप्थ मात्र 16 इंचच. मधे एक उभी फळी, दोन आडवे खाने, समोर लाकडी खाचेत सरकणाऱ्या 4 मिमी साध्या काचा आणि मागं पातळ प्लाय. तो प्लाय एका कोपऱ्यात फुगलाय. खालच्या फळीवर पिठासारखा पिवळसर भुसा पडतो.

साडेतीन फुटी, पूर्ण वाढलेल्या बॉल पायथॉनसाठी (आफ्रिकेतला लहान अजगर) यातच कायमचं एन्क्लोजर करायचंय. 16 इंच डेप्थ पुरेल का? आतून काय लावायचं? हवेची भोकं किती आणि कुठं? आणि मुख्य म्हणजे एप्रिल-मेमध्ये दुपारी घरातच 37 अंश असतं, हवा पार कोरडी. हीटर कसा लावायचा हे सगळीकडे सापडतं, आपल्याकडच्या उन्हाळ्याचं कुणीच सांगत नाही.

रंधा_पटाशी:

लाकूडकामाचं तेवढं सांगतो.

आधी तो भुसा बघा. वाळवी मातीच्या नळ्या करते, पीठ पाडत नाही. पीठ म्हणजे भुंगा. सागाचा आतला तपकिरी गाभा भुंगा सहसा खात नाही, कडेचं पांढरं लाकूड खातो. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं भोकांजवळ टोचून बघा. टोक आत गेलं तर ती फळी बदला, लांबी लावून झाकू नका. बाकीच्या फळ्या सुट्या करून काळ्या प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळून गच्चीवर तीन-चार दिवस उन्हात ठेवा, रोज उलटा. निर्यातीच्या लाकडी खोक्यांना लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश, सलग 30 मिनिटं असा नियम आहे. पाऊण इंची फळी आपल्या मे महिन्यात काळ्या प्लास्टिकखाली तिथवर जाऊ शकते. भोकात थर्मामीटरची वायर खुपसून खात्री करा. वाळवीचं औषध मारायचं नाही. बंद उबदार पेटीत ते महिनोन्‌महिने सुटत राहतं. शोकेसवर पूर्वी फवारणी झाली असेल, किंवा खान्यांत वर्षानुवर्षं डांबरगोळ्या ठेवल्या असतील आणि वास लाकडात मुरला असेल, तर ती फळी या कामाची नाही. कितीही लेप द्या, गरम झाली की वास बाहेर येतोच.

16 इंच डेप्थ पुरणार नाही. साडेतीन फुटी साप मोकळा पसरायला 4 बाय 2 फूट तळ धरून चाला. शोकेस मोडायची गरज नाही, मागं वाढवा. मागचा प्लाय काढून टाका, दीड बाय एक इंची पट्टीची चौकट करा आणि 12 मिमी प्लायचा 8 इंच खोल खोका मागं जोडा. प्लायवर आयएस 710 (पाण्यात टिकणारा मरीन प्लाय) शिक्का हवा. 303 चा प्लायही लोक वापरतात, पण तळाला आणि मागं 710 च घ्या, इथं ओल कायम राहणार. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड नकोच, एका पावसाळ्यात कडा पावासारख्या फुगतात. वाढवलेल्या भागाखाली दोन पाय द्या, नाहीतर सगळा भार स्क्रूंवर येतो आणि सांधा मागून उघडतो.

मधली उभी फळी आणि आडवे खाने काढायचेच. उभी फळी काढली की वरची फळी मधे वाकते. समोरच्या कडेला आतून 2 बाय 1 इंची पट्टी आडवी मारा. तळाला दर 12 इंचांवर अशीच एक. तळाला अंथरलेलं ओलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाण्याचं भांडं, लाकडं मिळून 35-40 किलो होतात, आणि जुन्या शोकेसचा तळ बऱ्याचदा 6 मिमीचाच असतो.

समोर काचेखाली 5 इंच उंचीची फळी बसवा. तो बांध असला की कोकोपीट काच सरकते त्या चॅनलमध्ये जात नाही. लाकडी खाचा काढून टाका, पावसाळ्यात फुगून काच अडते आणि साप तिथंच नाक घालत राहतो. अ‍ॅल्युमिनियमचा दुहेरी चॅनल घ्या, वरचा खोल, खालचा उथळ. काच 5 मिमी टफन. टफन झाल्यावर कापता येत नाही, ऑर्डर देण्याआधी माप दोनदा घ्या. उंचीचं माप असं: वरच्या चॅनलच्या आतल्या टोकापासून खालच्या चॅनलच्या तळापर्यंत मोजा, त्यातून खालच्या चॅनलची खोली आणि वर 2 मिमी वजा करा. म्हणजे काच वर ढकलून खाली टेकवता येते आणि वरून निसटत नाही. रुंदीत आतलं माप 46.5 इंच असेल तर प्रत्येक काच 23.75 इंच, म्हणजे मधे एक इंच एकमेकांवर येतील. दोन काचांमधल्या फटीत पारदर्शक पीव्हीसीची पट्टी चिकटवा. दुकानांच्या शोकेसला असतं ते दात्याचं कुलूप लावायचंच. हा साप दिसायला शांत, पण रात्रभर नाकानं काच ढकलू शकतो.

आता लेप. जुनं पॉलिश 80 नंबरच्या पॉलिशपेपरनं काढा, मग 120, मग 220. जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं, ओला घासा आणि मास्क लावा. साग तेलकट असतो. घासल्यावर थिनरचं फडकं फिरवलं नाही तर लेप पापुद्र्यासारखा सुटतो. पाण्यावरचा पीयू (पॉलियुरेथेन) तीन हात, प्रत्येक हातानंतर 320 चा हलका हात. तळाला आणि कडेनं 5 इंच वरपर्यंत पारदर्शक इपॉक्सी. सांध्यांत सिलिकॉन भरायचं ते पीयू वाळल्यावर, कारण सिलिकॉनवर पीयू धरत नाही. ट्यूबवर बुरशीनाशक लिहिलं असेल तर ती घेऊ नका. यानंतर दोन ते तीन आठवडे काचा काढून ठेवा. शेवटी हीटर लावून एक रात्र बंद ठेवा आणि सकाळी काच सरकवून नाक आत घाला. वास आला तर अजून थांबा.

जुळेसोलापूरकर:

दादा, मापाची रीत कळली. 710 चा प्लाय घेतो. आता भोकं आणि उन्हाळा कुणीतरी सांगा.

उष्मा_आर्द्रता:

उन्हाळ्यापासूनच सुरुवात करू, कारण इथं जनावर थंडीनं कमी आणि मेमधल्या दुपारीच जास्त दगावतं.

बॉल पायथॉनला उबदार बाजूला 31-32, गार बाजूला 25-27 आणि आर्द्रता 55 ते 70 टक्के लागते. 35 च्या वर तो बराच वेळ राहिला तर जीवावर बेततं. म्हणजे तुमच्या 37 अंशांच्या खोलीत हीटर बंद असूनही पेटी धोक्यात आहे. इथं बहुतेक जण छोटा फॅन लावून मोकळे होतात. फॅन पेटीत खोलीचीच हवा ओढतो, त्यापेक्षा एक अंशही गार करू शकत नाही, उलट उरलीसुरली ओल उडवून नेतो. गार करायची ती खोली.

शोकेस पश्चिमेच्या भिंतीला किंवा स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर ठेवू नका. तळमजला, उत्तर किंवा पूर्वेची खोली, आतली भिंत. त्या खोलीत साधा पाण्याचा कूलर लावा. आपल्या कोरड्या हवेत तो उत्तम चालतो, खोली गार होते आणि आर्द्रताही वाढते. समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर हवा कोंदट होऊन कूलर नुसता फिरत राहतो. जुलैनंतर त्याचा उपयोग नाही, तोवर गरजही संपलेली असते. हीटरची लाइन मार्चअखेरीस स्विचवरून बंद करा, नुसती थर्मोस्टॅटवर सोडू नका.

वीज गेली तर एक लिटरच्या बाटलीत बर्फ करून सोलापुरी टॉवेलमध्ये गुंडाळून गार बाजूला ठेवा. एक किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल, म्हणजे साधारण 93 वॅट-तास उष्णता ओढतो. चार तासांत वितळला तर तेवढा वेळ 23 वॅटचा गारवा मिळाला. म्हणून फ्रीजरमध्ये एक नाही, चार बाटल्या हव्यात. टॉवेलशिवाय ठेवू नका, साप थेट बर्फाला टेकून बसू शकतो.

भोकं: 50 मिमीची चार. दोन गार बाजूला खाली, बांधाच्या दोन इंच वर. दोन उबदार बाजूला वर, मागच्या फळीत. गरम हवा वरून जाते, खालून ताजी येते. चार भोकांचं क्षेत्रफळ 78 चौरस सेंटिमीटर होतं, जाळीनं त्यातलं थोडं कमी होतं. प्रत्येकावर सरकणारी सनमायकाची चकती ठेवा, एप्रिलमध्ये अर्धी बंद आणि ऑगस्टमध्ये पूर्ण उघडी. जाळी स्टीलची, बाहेरून. आतून लावली तर साप नाक घासून घासून रक्त काढतो.

ओल फवारून टिकवायची नाही. वरचा थर सतत ओला राहिला की पोटाखालचे खवले तपकिरी होऊन सडतात. धुतलेलं, कमी क्षाराचं कोकोपीट 4 इंच भरा. तुमच्या तळाला साधारण 67 लिटर लागेल, 5 किलोच्या एका विटेत तेवढं फुगतं. कोपऱ्यांत नळकांडं खुपसून आठवड्याला दीड-दोन लिटर पाणी तळात सोडा. तळ ओला, माथा कोरडा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी ठिबकू नये. आर्द्रता 50 च्या खाली राहिली की कात अखंड मोज्यासारखी निघायची ती तुकड्यातुकड्यानं सुटते. शेपटीच्या टोकाला कडं राहतं, डोळ्यावर पारदर्शक चकती राहते. ती चिमट्यानं ओढू नका, सापाला ओल्या टॉवेलच्या पिशवीत अर्धा तास ठेवा. तरी नाही निघाली तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठा.

थंडीचं थोडक्यात. गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत रात्री बाहेर 14-15 अंशांपर्यंत उतरतं, या मापाला 80 वॅटचा सिरॅमिक हीटर पुरतो. होल्डर चिनीमातीचा, बॅकेलाइटचा जळून तडकतो. भोवती पूर्ण बंद स्टीलची जाळी. हीटरचा पृष्ठभाग 200 च्या वर जातो आणि साप त्याला विळखा घालतो. वर 6 मिमी सिमेंट बोर्ड, कडेच्या लाकडापासून 8 इंच अंतर. होल्डरपर्यंतची वायर फायबरग्लासच्या आवरणाची. थर्मोस्टॅटचा सेन्सर उबदार लपणीच्या (साप लपतो त्या खोक्याच्या) वर, स्क्रूच्या क्लिपनं पक्का. सेलोटेप आत अजिबात नको, खवल्यांना चिकटून कातडी सोलते. स्वस्त थर्मोस्टॅटचा रिले (आतला स्विच) चिकटतो आणि हीटर चालूच राहतो, हा नेहमीचा बिघाड. म्हणून पहिला 31 वर आणि त्याच्याच लाइनीत दुसरा वेगळा 34 वर. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवाच, आत ओल आहे.

माळढोक_परिसर:

वरच्या दोघांशी बहुतांशी सहमत. एकाच ठिकाणी वेगळं मत आहे. डेप्थ मागं वाढवण्याऐवजी दोन सारख्या शोकेस पाठीला पाठ लावूनही होतं असं काही जण सुचवतात. ते नको. मधे दुहेरी फळीची जागा मरते आणि सांध्यात ओल साचून काळी बुरशी धरते. खोक्याचाच मार्ग बरा.

कागदांचं कुणी बोललं नाही, ते आधी करा. बॉल पायथॉन आफ्रिकेचा, साइट्सच्या (वन्यजीव व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट 2 मधला. वन्यजीव कायदा 1972 मधल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर आणि 28 फेब्रुवारी 2024 च्या नियमांनंतर असा प्राणी ताब्यात आला की 30 दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश 2.0 पोर्टलवर नोंद करावी लागते. मृत्यू, पिल्लं, मालकी बदल, सगळंच कळवायचं. विकणाऱ्याकडं कागद नसतील तर घेऊ नका. आणि ही पेटी बघून कुणी नान्नजच्या माळावरची घोरपड किंवा शेतात सापडलेला अजगर आणून ठेवायचं सुचवलं तर साफ नाही म्हणा. दोन्ही अनुसूची 1 मध्ये आहेत, तुरुंगवासाचा गुन्हा आहे. साप घरात निघाला तर वन विभागाला कळवा.

जुळेसोलापूरकर:

नोंद झालेली आहे, प्रमाणपत्र आहे. एक शंका: बोअरच्या पाण्यानं काचेवर पांढरे डाग पडतील ना? आणि साप आत सोडायच्या आधी किती दिवस नुसतं चालवून बघायचं?

उष्मा_आर्द्रता:

पडतात. पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, फडक्यानं बाहेर पुसा, मग साध्या पाण्यानं. आत फवारू नका. पिण्याच्या भांड्याला नळाचं पाणी द्या, भांडं जड घ्या.

चाचणी सात दिवस, पेटी रिकामी. किमान-कमाल दाखवणारी तीन यंत्रं ठेवा: उबदार लपणीत, गार लपणीत आणि मधे कोकोपीटवर. रोज सकाळी आणि दुपारी 3 वाजता आकडे वहीत लिहा. दुपारी 3 चा आकडा गार लपणीत 29 च्या वर असेल तर पेटीत बदल करत बसू नका, खोली बदला. मेमध्ये चाचणी केली तर डिसेंबरमध्ये हीटरसह परत करा, एका ऋतूचे आकडे दुसऱ्याला लागू पडत नाहीत.