खेळता खेळता काय शिकलात? तुमचे नाहीतर तुमच्या लेकरांचे अनुभव लिहा

सरू_लातूर
भाच्याला नर्सरीत घातलंय. शाळेच्या यादीत ‘सॉर्टिंग किट’ होता, तो डबा काल घरी आला. उघडला तर रंगीत प्लॅस्टिकच्या बिया अन् चार वाट्या. आमची आई चष्मा लावून बघली अन् म्हणली, "अगं हे चिंचोकेच हायेत की, रंग देऊन पैशे घेतले तुमच्याकडून!" तवापासून डोक्यात आमची बालवाडी चालू आहे. मारुतीच्या पारावर भरायची. बाई खडूनं मोठ्ठा ग काढायच्या, आम्ही त्याच्यावर चिंचोके मांडत जायचो, रेघेबाहेर गेला की शेजारची पोरगी हातावर मारायची. पाटी हातात यायच्या आधी बोटाला ग पाठ. मग त्याच चिंचोक्याची दुकानदारी, पाच चिंचोक्याला एक पेरू (पेरू म्हणजे खडा). सुट्ट्या पैशावरून भांडायला तिथंच शिकले. तुमच्याकडं काय होतं लिहा, घाईत लिहिलं तरी चालतंय.

बीडचा_बाप्पा
चिंचोका फरशीवर घासायचा अन् शेजारच्याच्या दंडाला चटका!! गजगा (सागरगोटा) असला तर लईच. पुढं सर शिकवायलेत घर्षणानं उष्णता निर्माण होते, अन् आख्खा वर्ग दंड चोळत हसायलाय. सरला शेवटपर्यंत कळलं नाही कामून हसायलेत.

दगडू_मानवत
आमचे आबा खळ्यावर ज्वारी मापताना एक म्हणत नव्हते, लाभ म्हणायचे, मग दोन, तीन. आम्ही पोरं बाजूला फुटक्या मापट्यानं माती मापायचो, दोन चिपट्याचं मापटं, दोन मापट्याचा शेर, चार शेराची पायली, हे कुणी शिकवलं नाही, माती ज्वारीत सांडली की आबा वरडायचे तेवढीच शिकवणी. पहिलीत गुरुजी म्हणले एक ते दहा म्हण, मी उभा राहून खणखणीत, लाभ, दोन, तीन… गुरुजी बी शेतकऱ्याचेच, हसू दाबून म्हणले, बस, बरकत ऱ्हाऊ दे.

सरू_लातूर
मेले हसून. आमच्याकडं बी लाभच!

गोदाकाठची_आई
चिंचोक्याचं कौतुक बास करा, माझ्या धाकट्यानं नाकात घातला होता, रात्री दवाखाना गाठावा लागला. तीन वर्षाच्या आतल्या लेकरापुढं बारीक बिया ठेवूच नका. अन् ठेवल्याच तर समोर बसा, मोबाईल घेऊन नाही. आता दूध उतू चाललंय, येते.

अंगणवाडीताई_हिंगोली
मी सेविका आहे म्हणून लिहिते. चिंचोके, मूग, हरभरा मिसळून देते, लेकरं निवडत बसतात. बघणाऱ्याला वाटतं ताईनं लेकरं कामाला लावली. पण चिमटीत दाणा धरता आला की पुढं पेन्सिल धरता येते, अन् हा गोल तो चपटा हे वेगळं करणं हीच गणिताची सुरुवात आहे, आमच्या ‘आकार’ अभ्यासक्रमात पण हेच आहे, बडबडगीत, गोष्ट, मातीकाम, भातुकली. पालक दारातून इचारतात, "ताई, खेळवताच का नुसतं? एबीसीडी कवा?" मग मोठ्या गटातली लेकरं व्हॅननं गावाबाहेरच्या इंग्लिश मिडियमला. राहिलेल्यांचं वजन, उंची, आहार, मोबाईलमधी माहिती भरणं, त्यातून येळ उरला की खेळ. मदतनीस बाई नसत्या तर माझं काही खरं नव्हतं.

वाचनवेडा_संभाजीनगर
ताई, तुमचं काम मोठ्या परंपरेतलं आहे. गिजुभाई बधेकांनी 1920 ला भावनगरला बालमंदिर काढलं, त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 ला बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ तिथं त्यांना येऊन मिळाल्या. महागडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत म्हणून शंख-शिंपले, पानं, बिया, माती वापरली. लेकरं येईनात तर त्यांच्याच अंगणात बालवाडी भरवली. सरकारची अंगणवाडी योजना आली 1975 ला. 2020 च्या शिक्षण धोरणात 3 ते 8 वयाला खेळातून शिक्षण लिहिलंय, 2023 ला केंद्रानं ‘जादुई पिटारा’ नावाची खेळण्याची पेटी पण काढली. म्हणजे सरूताईंच्या आई बरोबरच बोलल्या.

बीडचा_बाप्पा
सर, परीक्षेला येणार का हे

वाचनवेडा_संभाजीनगर
बाप्पा, दंड पुढं करा, चटका देतो.

कोपीवरची_शाळा
मी काही वर्षं साखरशाळेवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या लेकरांच्या शाळेवर, शिकवायचो. कारखान्याच्या तळावर कोप्या (झोपड्या), आईबाप पहाटेच फडात, मोठी बहीण धाकट्याला सांभाळत वर्गात. खेळणी कुठली आणायची? पण पोरं वाढ्याच्या (उसाच्या शेंड्याच्या) बारक्या बारक्या मोळ्या बांधायची, विटकरीचा ट्रक, त्यात मोळ्या मोजून भरायच्या, एक पोरगा काट्यावर बसून वजन सांगायचा, दगड उलटा ठेवून काटा मारायचा पण. ती एवढीशी पोरगी, पाच-एक वर्षाची, कमरेवर हात ठेवून मुकादम व्हायची. पानांच्या नोटा मोजून उचल (आगाऊ पैसे) द्यायची अन् म्हणायची, "फिटली न्हाय तर पुढल्या साली बी यायचं." मी तिला वजाबाकी काय शिकवणार होतो.

अंगणवाडीताई_हिंगोली
सर, काटाच आला अंगावर. आमच्या गावात पण दिवाळी झाली की निम्मी लेकरं जातात. गुढीपाडव्याच्या आसपास येतात, तवर इथली गाणी विसरलेली अन् तिकडली शिकलेली.

सोयाबीन_भाव_काय
आज उदगीरला आडतीत काय भाव फुटला कुणाला माहीत आहे का

दगडू_मानवत
भाऊ, धागा कुठला अन् तुम्ही कुठं! (मला पण सांगा कळला तर)

पुण्यात_पण_परभणीचा
सगळ्यांचं गोड गोड चाललंय म्हणून लिहितो, आमच्या घरी खेळताना सापडलं की फोकानं मार. आप्पांचं एकच, खेळून पोट भरतंय का. तरी ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी चोरून करायचो, साल सोलायची, गाभ्याचे बैल, सालीच्या काड्या टोचून जू, चाक फिरलंच पाहिजे, सालीनं ओठ कापायचा कारण दातानंच सोलायची. आता डिझाईनचं काम करतो कंपनीत. अन् आप्पा माझ्या पोरीला धांड्याची गाडी करून देतात, स्वतः! मी म्हणलो मला मारत होता की, तर म्हणे तुझ्या गाडीचं चाक डुगडुगत होतं.

सरू_लातूर
आप्पा जिंदाबाद. कुणी चल्लस-आठ खेळलंय का? पंचवीस घरं, चार चिंचोके एका बाजूनं घासून पांढरे केलेले. आजी, मी, शेजारच्या मावशी. चारी पांढरे पडले की चार अन् चारी काळे पडले की आठ, सोंगटी किती घरं गेली की मावशीची मरते हे आधीच डोक्यात मोजून ठेवायची. आजीला सही येत नव्हती पण तिला हरवणं कुणाच्या बापाला जमलं नाही.

गोदाकाठची_आई
दूध गेलंच उतू. आमच्यात एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरात जाता येत नव्हतं, तुमच्यात?

सरू_लातूर
आमच्यात बी तसंच, पण आजी न मारताच आत घुसायची, वयाचा मान म्हणून.

बीडचा_बाप्पा
ही चीटिंग आहे. मान आठ पडल्यावर.